झिप फाइल उघडत नसेल, तर दोष बहुधा ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संकेतस्थळावर ‘सर्व कागदपत्रे एकत्र डाउनलोड करा’ असे बटण असते. ते दाबले की झिप फाइल, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेले गाठोडे, येते आणि उघडू गेले की ‘फाइल खराब आहे’ असा निरोप मिळतो. माणूस मग आपल्या फोनला, इंटरनेटला, नाहीतर स्वतःलाच दोष देतो आणि तेच बटण पुन्हापुन्हा दाबत बसतो. फाइल दोन्ही खेपांना हुबेहूब तेवढ्याच आकाराची येत असेल आणि दोन्ही वेळा उघडत नसेल, तर त्याचे काही चुकलेले नाही. ती बहुधा सर्व्हरवरच, म्हणजे फाइल पाठवणाऱ्या संगणकावरच, अर्धवट तयार झालेली आहे. आकार दर खेपेला वेगळा येत असेल, तर मात्र जोडणीवर संशय घ्यायला जागा आहे. ही चूक प्रोग्राममधल्या एखाद-दुसऱ्या ओळीची असते आणि ठाऊक असेल तर मिनिटात दुरुस्त होते. ती जागोजागी आढळते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

अशी झिप फाइल आधीपासून तयार ठेवलेली नसते. मागणी आली की प्रोग्राम कागदपत्रे गोळा करतो, झिप लायब्ररीकडून (झिप बनवणाऱ्या तयार कोडकडून) त्यांची एक फाइल करून घेतो आणि धाडून देतो. ही फाइल डिस्कवर तात्पुरती लिहिता येते किंवा थेट मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे बाइट साठवायच्या तात्पुरत्या जागेत, तयार करता येते. आटोपशीर कामासाठी आमचे मत मेमरीच्या बाजूने आहे. तात्पुरत्या फाइली साफ करायचे राहून जात नाही, एकाच वेळी आलेल्या दोन मागण्यांची नावे एकमेकांवर आदळत नाहीत आणि लोकांची खासगी कागदपत्रे सर्व्हरच्या कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहत नाहीत. फक्त दोन गोष्टी नीट कळायला हव्यात: बफर नेमका कधी उचलायचा आणि तो किती मोठा होऊ द्यायचा.

पहिलीसाठी झिपच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल. फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने १९८९ मध्ये ही रचना आणली आणि तिचा तपशील सर्वांसाठी खुला केला. आत घातलेल्या प्रत्येक फाइलच्या आधी ३० बाइटचे शीर्ष आणि त्याला लागून फाइलचे नाव असते. हे शीर्ष पी आणि के या अक्षरांनी सुरू होते (कॅट्झ यांची आद्याक्षरे) व पुढच्या दोन बाइटांच्या किमती ३ आणि ४ असतात. त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर येतो. सगळ्या फाइली संपल्यावर सेंट्रल डिरेक्टरी, म्हणजे आतल्या फाइलींची यादी, लिहिली जाते. तीत दर फाइलमागे ४६ बाइट, अधिक नाव, आणि ती फाइल कितव्या बाइटपासून सुरू होते याची नोंद असते. अगदी शेवटी किमान २२ बाइटची समाप्ती-नोंद येते: एकूण नोंदी किती आणि यादी कुठून सुरू होते. झिप उघडणारा प्रोग्राम साधारणपणे शेवटापासून वाचायला लागतो. आधी समाप्ती-नोंद, तिच्यावरून यादी आणि यादीवरून फाइली. ही नोंद सापडली नाही, तर आधीचा सगळा मजकूर जसाच्या तसा शाबूत असूनही ‘ही झिप फाइल नव्हे’ असा निकाल लागतो.

आणि इथेच घोडे पेंड खाते. यादी व समाप्ती-नोंद लायब्ररी तेव्हाच लिहिते, जेव्हा तिला ‘आता बंद कर’ असे सांगितले जाते. बंद करण्याआधी बफर उचलला की शेपूट कापलेली फाइल ग्राहकाच्या हाती पडते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बाइट्सआयओचा बफर घ्यायचा, झिपफाइलला फाइलच्या नावाऐवजी तो द्यायचा, लिहिण्याची पद्धत ‘डब्ल्यू’ आणि संकोचनाची (फाइल दाबून लहान करण्याची) पद्धत झिप-डिफ्लेटेड अशी स्पष्ट सांगायची. मग विथच्या (संपताच झिप आपोआप बंद करणाऱ्या) ओळींच्या गटात राइटएसटीआरने नाव आणि मजकूर देत जायचे. गट संपला की झिप बंद होते. गेटव्हॅल्यूची ओळ त्या गटाच्या बाहेर हवी. ती चार मोकळ्या जागा आत सरकलेली असली, तर प्रोग्राम कसलीही तक्रार न करता चालतो आणि यादी नसलेले बाइट परत देतो. दुसरी खोट अशी की गेटव्हॅल्यूऐवजी रीड वापरले आणि आधी सीकने शून्यावर परतायचे राहिले, तर वाचन शेवटापासून सुरू होते आणि हाती शून्य बाइट येतात. संकोचनाची पद्धत सांगायची राहिली, तर पायथन फाइली न दाबता तशाच ठेवतो. झिप उघडते, सगळे ठीक दिसते, फक्त आकार काही केल्या कमी होत नाही. नोंदीचा तपशील झिपइन्फो ही वस्तू बनवून दिला, तर तिच्यावरची पद्धत लागू होते, आणि तीही सांगितली नसेल तर ‘न दाबता’ अशीच असते.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली चूक जास्त फसवी आहे. मेमरीस्ट्रीमवर (तिथल्या मेमरीतल्या बफरवर) झिपआर्काइव्ह उघडताना लीव्हओपन ‘ट्रू’ दिले नाही, तर झिप बंद होताना आपल्याबरोबर स्ट्रीमही बंद करून टाकते. पुढच्या ओळीत स्ट्रीमची जागा शून्यावर आणायला गेले की ‘वस्तू बंद झाली आहे’ अशी त्रुटी येते. ती घालवायला पुष्कळ जण वाचण्याची ओळ उचलून यूझिंगच्या (पायथनच्या विथसारख्या) गटात नेतात. त्रुटी जाते, पण आता बफर झिप बंद होण्याआधीच वाचला जातो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खरा इलाज लीव्हओपन ‘ट्रू’ देणे हा आहे, नाहीतर गट संपल्यावर टूअ‍ॅरे वापरावे, ते बंद झालेल्या मेमरीस्ट्रीमवरही चालते. गेटबफर मात्र वापरू नये. ते बफरची न भरलेली जागाही सोबत देते, म्हणून झिपच्या मागे शून्यांची रांग लागते आणि काही प्रोग्राम ती फाइल नाकारतात.

जावात क्लोजएंट्री म्हणजे एक नोंद मिटवणे. संपूर्ण झिप पुरी व्हायला झिपआउटपुटस्ट्रीमवर फिनिश किंवा क्लोज लागतेच आणि टूबाइटअ‍ॅरे त्यानंतर यावे. गो भाषेत डिफरने क्लोज लांबणीवर टाकून त्याच फंक्शनमधून बफरचे बाइट परत केले, तर परत जाणारे बाइट क्लोजच्या आधीचे असतात. तिथे क्लोज उघडपणे लिहावे आणि त्याने परत दिलेली त्रुटी तपासावी. जावास्क्रिप्टच्या जेएसझिपमध्ये जनरेटअसिंक सगळे एकदम बांधून देते, त्यामुळे ही चूक तिथे अशा रूपात होत नाही. पण मूळ पद्धत ‘न दाबता ठेवणे’ अशी असल्याने डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत सांगावी लागते.

न उघडणारी झिप निदान ओरडून तरी सांगते. त्याहून घातक आहे ती झिप, जी व्यवस्थित उघडते आणि जिच्यात एक कागद कमी असतो. समजा, १२ कागदपत्रे घालायची आहेत आणि नववे वाचताना डेटाबेस अडखळला. पायथनचा विथ किंवा जावाचा आपोआप बंद करणारा ट्राय, दोन्हीही त्रुटी आली तरी बाहेर पडताना झिप नेमाने बंद करतात. म्हणजे तोवरच्या ८ फाइलींची यादी लिहिली जाते आणि बफरमध्ये नियमानुसार अगदी निर्दोष झिप उभी राहते. बाहेरच्या कोडने ती त्रुटी लॉगमध्ये नोंदवून तोच बफर पुढे धाडला, तर घेणाऱ्याला चार कागद गेल्याचा पत्ताही लागत नाही. अर्जासोबत जोडायची कागदपत्रे किंवा वैद्यकीय अहवाल असले, तर ही किंमत फार मोठी आहे. उपाय साधा आहे. त्रुटी आली की बफर टाकून द्यायचा, त्याला हातही लावायचा नाही. पाठवण्याआधी यादीतल्या नोंदी मोजून अपेक्षित संख्येशी ताडायच्या. महत्त्वाच्या कामात झिपमध्येच एक छोटी मजकूर फाइल घालावी आणि तीत प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि एसएचए-२५६ चा ठसा (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) लिहावा. दहा ओळींचे काम आहे आणि ते कोणत्याही भाषेत होते.

आता मेमरीचा हिशेब. खुद्द दाबण्याच्या क्रियेला मेमरी फारशी लागत नाही. डिफ्लेट पद्धत मागच्या ३२ किलोबाइटांतच पुनरावृत्ती शोधते आणि झेडलिब या प्रचलित लायब्ररीचे नेहमीचे संकोचन सुमारे २५६ किलोबाइटांत भागते. खर्च होतो तो बफरचा. ४० पीडीएफ, प्रत्येक २ मेगाबाइटची, असे ८० मेगाबाइट घ्या. पीडीएफच्या आतली चित्रे आणि मजकूर बहुधा आधीच दाबलेला असल्याने झिप जवळपास तेवढीच राहते. जावाचा बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीम भरत आला की दुप्पट होतो. ६४ मेगाबाइटचा बफर १२८ चा होताना क्षणभर दोन्ही शेजारीशेजारी उभे असतात, म्हणजे १९२. त्यानंतर टूबाइटअ‍ॅरे आणखी ८० मेगाबाइटची प्रत काढतो, म्हणजे २०८. दहा जणांनी एकाच वेळी बटण दाबले की २ गिगाबाइट गेले आणि सर्व्हर कोलमडला. चाचणीत एकच माणूस बटण दाबतो, म्हणून हे तिथे दिसत नाही. अंतिम तारखेच्या दिवशी दिसते.

म्हणून अंदाज आधी बांधावा. मूळ फाइलींच्या आकारांची बेरीज करावी, दाबून काही कमी होईल हे गृहीत धरू नये, आणि एका मागणीसाठी कमाल मर्यादा ठरवावी. बफरला सुरुवातीलाच पुरेशी जागा दिली तर दुप्पट होण्याचा खटाटोप वाचतो. पायथनमधले गेटबफर (डॉटनेटमधल्यापेक्षा वेगळे) प्रत न काढता बफर दाखवते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत मेमरीत राहणारी आणि पुढे आपोआप डिस्कवर जाणारी स्पूल्डटेम्पररीफाइलही तिथे आहे. ती पायथन ३.११ पासून इतर स्ट्रीमसारखी पूर्णपणे वागते, आधीच्या आवृत्त्यांत झिपफाइलसोबत अडचणी येत.

मर्यादेपलीकडच्या कामाला बफर नकोच, झिप लिहिता लिहिता थेट जोडणीवर सोडावी. झिपच्या रचनेत त्याची सोय आहे. शीर्षात तिसऱ्या क्रमांकाचा बिट लावला, तर आकार आणि सीआरसी (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) तिथे शून्य ठेवता येतात आणि मजकुरानंतर वेगळ्या नोंदीत खऱ्या किमती देता येतात. मात्र एकूण आकार आधी सांगता येत नाही, म्हणून डाउनलोडची टक्केवारी दिसत नाही. शिवाय ‘सर्व ठीक’ हा २०० क्रमांकाचा निरोप आधीच गेलेला असतो, त्यामुळे अर्ध्यात काही बिघडले तर ते सांगायची वाट उरत नाही. तेव्हा सगळ्या फाइली जागेवर आहेत आणि वाचता येतात याची खात्री पहिला बाइट सोडण्याआधी करावी. तरीही मध्येच बिघडलेच, तर झिप बंद न करता जोडणी तोडावी. न उघडणारी फाइल इथे उघडणाऱ्या पण अर्धवट फाइलपेक्षा बरी.

झिप नीट बनली तरी वाटेत बिघडू शकते. बाइटांना कोणी मजकूर समजून यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतपद्धतीत फिरवले की न बसणाऱ्या बाइटांच्या जागी तीन-तीन बाइटांचे बदली चिन्ह येते. अशी फाइल मूळपेक्षा मोठी भरते, हीच तिची खूण. ब्राउझरच्या बाजूला उत्तर ब्लॉब किंवा अ‍ॅरेबफर म्हणून मागितले नाही, तर नेमके हेच होते. बेस६४ करून (बाइट साध्या अक्षरांत बदलून) पाठवलेली फाइल उलट न फिरवता जतन केली, तर ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि तिच्या सुरुवातीला पीके दिसत नाही. सुरुवातीला ‘पेक्षा लहान’ हे कोनाचे चिन्ह दिसले, तर आत झिप नाहीच, सर्व्हरने त्रुटीचे वेबपान झिपच्या नावाने धाडले आहे. फाइल नेमकी २२ बाइटची असेल, तर ती रिकामी झिप आहे. आत घालायला काही सापडले नाही आणि प्रोग्रामने ते सांगितले नाही. केवळ यादी तुटली असेल, तर आतला मजकूर पुष्कळदा परत मिळतो: लिनक्सवरच्या झिप आज्ञेचा ‘एफएफ’ पर्याय फाइलभर पीकेची शीर्षे शोधून यादी पुन्हा बांधायचा प्रयत्न करतो.

नावांकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे, कारण आपल्या फाइलींची नावे देवनागरीत असतात. ‘अहवाल’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतात. हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे, असे सांगायला शीर्षातला अकराव्या क्रमांकाचा बिट लावावा लागतो. तो नसला, तर उघडणारा प्रोग्राम त्याच बाइटांना जुन्या डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या लिपीतली अक्षरे समजू शकतो आणि नावाच्या जागी रेघा-चौकटी दिसतात. पायथन हा बिट गरजेप्रमाणे आपोआप लावतो, इतर लायब्ररींत तो लागतो का हे तपासावे. एकाच नावाच्या दोन फाइली झिपमध्ये खुशाल राहू शकतात. पायथन फक्त इशारा देतो, तोही लॉगमध्ये हरवतो. फाइली बाहेर काढताना दुसरी पहिलीवर लिहिली जाते आणि दोनांचा एकच कागद उरतो. नावाआधी अनुक्रमांक लावला की प्रश्न मिटतो. फोल्डर वेगळे करायला पुढे झुकलेली तिरपी रेघच वापरावी, आणि वापरणाऱ्याने दिलेल्या नावातले दोन टिंबांचे ‘वरच्या फोल्डरमध्ये जा’ हे तुकडे काढून टाकावेत. नाहीतर बेसावध प्रोग्राम उघडताना भलत्याच ठिकाणी फाइल लिहितो.

तारखांचे थोडक्यात: झिपची मूळ तारीख १९८० पासूनची असते आणि सेकंद दोनदोनाने मोजते. पायथनमध्ये झिपइन्फोला तारीख दिली नाही, तर आतल्या फाइली १ जानेवारी १९८० च्या दिसतात आणि कागदपत्रांच्या बाबतीत त्यावरून नाहक शंका निघतात. नोंदींची संख्या ६५,५३५ च्या वर गेली किंवा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडे गेला, तर झिप६४ ही विस्तारित रचना लागते. मेमरीतल्या कामात आकार तिथवर पोहोचूच नये, पण बारीकसारीक फाइलींची संख्या पोहोचू शकते.

पासवर्डचाही एक गैरसमज दूर व्हायला हवा. झिपची जुनी कूटपद्धत कमकुवत आहे. तिच्यावरचा हल्ला १९९४ मध्येच बिहॅम आणि कोचर यांनी प्रसिद्ध केला. एईएस ही दुसरी कूटपद्धत पुष्कळ बरी, पण नेहमीच्या झिपमध्ये तीही फाइलींची नावे झाकत नाही, यादी कोणालाही वाचता येते. म्हणून नावातच आजार किंवा ओळख क्रमांक लिहू नये. पासवर्ड म्हणून जन्मतारीख दिली, तर शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपासच तारखा होतात आणि संगणकाला त्या सगळ्या ताडून पाहायला फार वेळ लागत नाही. पायथनची मूळ झिप लायब्ररी तर पासवर्डची झिप बनवतच नाही, फक्त उघडते.

प्रणाली लिहून घेणाऱ्या संस्थांनी काम ताब्यात घेताना काही चाचण्या मागाव्यात. बनलेला बफर त्याच प्रोग्रामने नव्याने उघडून नोंदी मोजायच्या आणि पायथनच्या टेस्टझिपसारख्या सोयीने प्रत्येक फाइलचा सीआरसी तपासायचा. तीच फाइल बनवणाऱ्या लायब्ररीखेरीज दुसऱ्या किमान दोन प्रोग्रामांत उघडायची, त्यातला एक फोनवरचा. देवनागरी नावाची एक फाइल, एकाच नावाच्या दोन फाइली, शून्य बाइटची एक फाइल आणि वाचता न येणारी एक फाइल मुद्दाम घालून पाहायची. शेवटच्या चाचणीत झिप हाती आली, तर काम स्वीकारू नये. तिथे त्रुटीचा स्पष्ट निरोपच यायला हवा.

कळावे.

आपले,
संगणक प्रणाली लिहिणारे काही वाचक